क्रिस्पिन मेलोरची सही

मागच्या दाराची कडी वाजली तेव्हा टॅमसिन सफरचंदांचा मुरांबा ढवळत होती. केझाया कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती. हात भरलेले असतील म्हणून तीच कडी वाजवत असणार असं समजून टॅमसिननं कोपरानं दार ढकललं. दारात तिचा नवरा उभा होता.

तीन वर्षांनी. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टोपी नाही, गालांवर दाढीचे खुंट. हसणं मात्र तेच. सकाळी फिरायला गेलेला माणूस जरा उशिरा परतावा तसं. त्याच्या पाठीशी एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी भिजलेला निळा डगला अंगाशी आवळून उभी होती. तिचे दात वाजत होते.

"टॅम," तो म्हणाला, "आत घेतेस, की इथंच उभं राहून पकडले जाऊ?"

टॅमसिननं आधी मुलीकडे पाहिलं, मग मागच्या वाटेकडे, आणि बाजूला झाली. दोघं आत आल्यावर तिनं दाराला आडणा घातला.

त्या काळी वाचता येणाऱ्या माणसाला क्रिस्पिन मेलोर हे नाव ठाऊक नाही असं इंग्लंडात होत नव्हतं. निम्मे लोक त्याचं पुस्तक उशाखाली ठेवत, निम्मे चुलीत घालत, आणि उशाखाली ठेवून मग चुलीत घालणारेही बरेच होते. पोर्थमॉरनसारख्या कोपऱ्यातल्या बंदरात मासे खारवणाऱ्या बायकांनाही त्याची एक कविता पाठ होती. ती म्हणजे 'पाळण्यापाशी'. बाप आपल्या आजारी तान्ह्या मुलाच्या पाळण्याशी रात्रभर बसतो, मुलाचा श्वास मोजतो, आणि उजाडताना ते मोजणं थांबतं, एवढीच ती कविता. ती वाचून न्यायाधीश रडले, खलाशी रडले. मग दोन वर्षांनी त्याच हातानं 'देवाला रजा' लिहिलं. म्हातारा झालेल्या नोकराला काढून टाकावं तसा त्यात एक माणूस देवाला घरातून काढून टाकतो. त्यानंतर पोर्थमॉरनच्या लोकांनी त्याचा गवताचा पुतळा करून धक्क्यावर जाळला. टॅमसिननं तो धूर खिडकीतून पाहिला होता.

तो धूर पाहताना तिला पुतळ्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. तिचं भांडण त्या दुसऱ्या कवितेशी नव्हतंच, पहिलीशी होतं. पाळण्यात होता तो तिचा पिरन. आणि त्या रात्री पाळण्याशी क्रिस्पिन नव्हता. श्वास मोजले ते तिनं. तो चौथ्या दिवशी आला, तिच्या पायाशी बसून सगळं विचारून घेतलं. ओठ कसे झाले होते, मूठ कधी सुटली, दिवा कुठं ठेवला होता. तिला वाटलं, बाप आहे, नव्हता म्हणून विचारतोय. ती रडत रडत सांगत गेली. पुढच्या वसंतात ते सगळं छापून आलं.

"कोण मागे लागलंय?" तिनं विचारलं.

"हिचा बाप."

"आणि ही कोण?"

"सेलिना," मुलगी स्वतःच म्हणाली. "सर ॲम्ब्रोज ट्रेगॉथनची मुलगी."

टॅमसिननं पळी भांड्यात ठेवून दिली. सर ॲम्ब्रोज म्हणजे या भागाचे दंडाधिकारी. चोराला फटके द्यायचे की जहाजात घालून देशाबाहेर पाठवायचं हे ठरवणारा माणूस.

"त्यांच्याबरोबर तबेल्यातली माणसं आहेत," क्रिस्पिन म्हणाला, "आणि वाटेत जो भेटेल तो सामील होतोय. देवाच्या वतीनं मला बडवायला मिळतंय, कोण सोडेल? दुपारची भरती चढली की पास्को होडी काढणार आहे. उद्या आम्ही फ्रान्सच्या किनाऱ्याला. तेवढा वेळ दे."

"अख्ख्या गावात तुला माझंच घर सापडलं?"

"इथं मला कोण शोधणार? मी इथं येण्याइतका निर्लज्ज असेन असं सर ॲम्ब्रोजनासुद्धा वाटणार नाही."

टॅमसिनला हसू आलं आणि त्याचाच राग आला.

एवढ्यात केझाया आली. तिनं टॅमसिनला न्हाऊमाखू घातलेलं, त्यामुळे या घरात तिला कोणाची भीड नव्हती. क्रिस्पिनला बघून तिनं दाण्यांची टोपली जमिनीवर आपटली.

"मेला नाहीस होय अजून?"

"प्रयत्न चालू आहेत, केझाया."

"लवकर आटप." मग तिची नजर सेलिनाकडे गेली. "अगं बाई, पोर गारठलीय नुसती. बस इथं चुलीशी. बूट काढ ते."

टॅमसिनचे वडील, पाद्री पेनरोज, काठी टेकत दारात आले. सत्तरीचा, संधिवातानं वाकलेला, मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी जावयाकडे पाहिलं, चिखलाच्या पावलांकडे पाहिलं.

"मी देवळात खोटं बोलत नाही," ते म्हणाले, "आणि घरी बोलायची सवय नाही. तेव्हा मला कोणी काही सांगू नका. मी वर जाऊन वाचत बसतो." जिन्याची पायरी चढताना थांबून त्यांनी मागे न बघताच विचारलं, "जेवलास का रे?"

"नाही, बाबा."

"टॅमसिन, काहीतरी दे त्याला."

ती पाव कापत होती तेवढ्यात मोरवेना आली. सहा वर्षांची, वेण्या सुटलेल्या, हातात शिंपले. बाप गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. ती टेबलाला धरून उभी राहिली.

"तुम्ही कवी आहात ना?"

"हो."

"आजोबा म्हणतात, कवी खोटं बोलतात."

"आजोबा पाद्री आहेत, ते खरंच बोलणार."

यावर मोरवेना विचारात पडली. मग तिनं एक शिंपला त्याच्या हातात दिला. क्रिस्पिन जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्या शिंपल्यात राहणाऱ्या एका कंजूस खेकड्याची गोष्ट सांगू लागला. तो खेकडा चंद्राकडून घरभाडं मागत असे. मोरवेना आधी तोंड दाबून हसली, मग पोट धरून. सेलिना चुलीपाशी वाटी हातात घेऊन ऐकत होती. केझायाची पाठ वळलेली होती, पण तिचेही खांदे हलत होते. टॅमसिनला तो आवाज ओळखीचा होता. याच आवाजामागून ती अठराव्या वर्षी बापाचं घर सोडून निघाली होती.

"चलाख आहे गं," तो तिच्याकडे बघून म्हणाला. "हिला डोंगरांचा देश दाखवायला हवा. इथं मासे आणि धुकं, दुसरं काय आहे? आमच्याबरोबर आली तर सेलिनालाही सोबत होईल."

अगदी सहज म्हणाला. पाव पुढे कर म्हणावं तसं.

टॅमसिनचा हात सुरीवर तसाच राहिला. तो सोडून गेला तेव्हाच बॉडमिनच्या वकिलानं तिला समजावून सांगितलं होतं: बाईसाहेब, कायद्याच्या दृष्टीनं मूल बापाचं. बाप दारुडा असो, बदफैली असो, परागंदा असो. अंगावर पिणारं मूलही तो उचलून नेऊ शकतो आणि तुम्हांला दारातून बघत बसावं लागेल. एकच उपाय आहे. बापानं आपणहून, दोन साक्षीदारांसमोर, दुसरा पालक नेमून दिला तर. तो कागद तिनं तेव्हाच करून घेतला होता. सही तेवढी नव्हती. सही करणारा कुठल्या देशात आहे हेच तिला वर्तमानपत्रातल्या शिव्यांवरून कळायचं.

"मोरवेना," ती म्हणाली, "केझायाबरोबर कोंबड्यांकडे जा." आवाज सरळ राहिला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "क्रिस्पिन, तू जरा इकडे ये."

वडिलांच्या अभ्यासिकेत तिनं दार लावून घेतलं. खिडकीतून चर्चच्या आवारातल्या कबरी आणि त्यांच्यापलीकडे खाडीचं पाणी दिसत होतं. चिखल अजून उघडा होता. भरतीला वेळ होता.

तिनं कागद टेबलावर पसरला. त्यानं उभ्या उभ्या वाचला.

"आजोबा पालक. त्यांच्यामागे तू. आणि मी?"

"तू कोणी नाहीस."

"नीट लिहिलंय. वकील बरा दिसतो." त्यानं कागद खाली ठेवला. "नाही केली सही तर? सर ॲम्ब्रोजना हाक मारशील?"

"नाही. बाहेरचे लोक तुला ठेचून मारतील, आणि ते मला बघायचं नाही."

"मग?"

"मग मी त्या मुलीला सांगेन, पिरन गेला त्या रात्री तू कुठं होतास."

बाहेर केझाया कोंबड्यांना बोलावत होती. क्रिस्पिन खिडकीकडे वळला, त्यामुळे तिला त्याचा चेहरा दिसेना. मान तेवढी दिसत होती, लहान मुलासारखी, केस वाढलेली.

"तुझ्या नावाचा सगळा डोलारा त्या एका रात्रीवर उभा आहे," ती म्हणाली. "ही पोरही त्यावरच भाळून आली असणार. बापाचं घर, नाव, सगळं सोडून. तिला कळू दे, की तू प्लिमथमध्ये होतास, त्या नटीकडे. कळू दे, की ते ओठ, ती मूठ, तो दिवा, सगळं माझं आहे. तू माझ्या तोंडून काढून घेतलंस."

"टॅम..."

"सही कर. मी गप्प राहीन. शब्द देते."

लांबून, टेकडीच्या अंगानं, कुत्री भुंकल्याचा आवाज आला. दोघांनीही ऐकला.

"साक्षीदार कोण?" त्यानं विचारलं.

"बाबा. आणि केझाया."

"केझायाला लिहिता येतं?"

"नावापुरतं येतं."

हाकेसरशी केझाया आली, मागून पाद्री पेनरोज आले. "आता मात्र मी तुला पाहिलं असं म्हणायला हवं," ते दुःखानं म्हणाले. क्रिस्पिननं लेखणी शाईत बुडवली, कागदावर वाकला आणि एका दमात सही केली. त्याच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर असे तशीच, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. केझायानं जीभ बाहेर काढून एकेक अक्षर उभं केलं. शाई वाळायच्या आतच टॅमसिननं ती टिपायला कागदावर वाळू टाकली, घडी केली आणि चोळीच्या आत खोचला.

तिला वाटलं होतं, आता सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

स्वयंपाकघरात सेलिना एकटी होती. केझायानं दिलेला केशरी पाव तिनं अर्धा खाल्ला होता आणि आता ती बादलीवर ओणवी झाली होती. टॅमसिननं तिच्या कपाळाला हात लावून धरलं. उलटी झाल्यावर मुलीनं तोंड पुसलं आणि लाजून म्हणाली, "रोज सकाळी होतं. आज दुपारीसुद्धा."

"किती महिने?"

"तीन असतील."

"त्याला सांगितलंस?"

"तिकडे पोचल्यावर सांगणार."

टॅमसिननं तिला पाणी दिलं. मुलीच्या हनुवटीवर अजून लहानपणाची गोलाई होती. बूट सुकायला ठेवले होते. उंची चामड्याचे, नाचाच्या खोलीतले, टाचा निघालेले.

"तुम्ही माझा तिरस्कार करत असाल," सेलिना म्हणाली.

"तेवढा वेळ नाही मला."

"मी तुमच्याबद्दल खूप विचार केला होता. 'पाळण्यापाशी' वाचली तेव्हापासून. त्यात आई कुठंच नाही. मी म्हणायची, आई कुठं गेली होती?"

टॅमसिनचा हात आपोआप चोळीकडे गेला. कागद तिथंच होता. आत्ताच दिलेला शब्द होता. पण समोर ही पोटुशी पोर होती, उघड्या होडीत बसून परक्या मुलखात निघालेली, आणि तिला हे सांगणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. शब्दाची किंमत मोठी की हिची? सेलिनानं पाण्याचा एक घोट घेतला तेवढ्यात तिचं ठरलं.

"आई तिथंच होती," ती म्हणाली. "बाप नव्हता. ऐक सेलिना, अजून वेळ आहे. तुझे वडील टेकडीवरून येतायत. रागावतील, ओरडतील, पण घेऊन जातील. क्रिस्पिन त्या रात्री..."

"प्लिमथला होता," सेलिना म्हणाली. "मला माहीत आहे."

टॅमसिननं चुलीवरचं भांडं उगाच बाजूला सरकवलं.

"पहिल्याच भेटीत सांगितलं त्यानं. मी त्या कवितेबद्दल बोलायला लागले तर रडला. म्हणाला, मी त्या रात्री एका बाईच्या बिछान्यात होतो आणि ती कविता मी चोरलीय."

"आणि तरी आलीस?"

"म्हणूनच आले. खरं सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिलाच नव्हता."

हिला माहीत होतं. हिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. मग अभ्यासिकेत तिनं जी धमकी दिली तिच्यात काही दमच नव्हता. 'सांग खुशाल' म्हणून तो हसून बाहेर पडू शकला असता. तरी त्यानं सही केली होती.

का, हे विचारायला वेळ मिळाला नाही. पुढच्या दारावर काठीचे ठोके पडले आणि पाठोपाठ माणसांचा गलका, कुत्र्यांचं भुंकणं. केझाया मोरवेनाला काखेत मारून आत आली. "आले! फाटकाशी तीस-चाळीस तरी आहेत. एकानं दगड घेतलाय."

क्रिस्पिन जिन्याखाली उभा होता. आता तो हसत नव्हता. वरून पाद्री पेनरोज उतरत होते, एकेक पायरी.

"मी उघडतो दार," ते म्हणाले. "मला जिना उतरायला वेळ लागतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. जितका लागेल तितका लावतो."

टॅमसिननं आपली शाल सेलिनाच्या खांद्यांवर टाकली, ओले बूट तिच्या हातात कोंबले आणि दोघांना मागच्या दारानं बाहेर काढलं. चर्चच्या आवारातून एक पायवाट खाली खडकांतल्या छोट्या खाडीवर उतरत होती. वाकून चाललं तर भिंतीआड दिसत नसे. पुढे टॅमसिन, मध्ये सेलिना, मागे तो. काच फुटल्याचा आवाज आला आणि कोणीतरी मोठ्यानं शिवी दिली.

कोपऱ्यातल्या कबरींच्या शेवटच्या ओळीशी आल्यावर मागची पावलं थांबली. टॅमसिननं वळून पाहिलं. पिरनच्या दगडापाशी क्रिस्पिन उभा राहिला होता. पुरलं तेव्हा तो नव्हता, पुढेही कधी या कबरीकडे फिरकला नव्हता. दगडावरचं नाव त्यानं आज पहिल्यांदा वाचलं.

"चल," ती दबक्या आवाजात म्हणाली. "क्रिस्पिन, आत्ता नको."

त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, खरंखुरं, नाकातूनही. त्यात नाटक नव्हतं. ती त्याचं नाटक ओळखत होती. पण त्याचा उजवा हात मांडीशी होता आणि बोटं हलत होती. अंगठा एकेका बोटावर टेकत जायचा, पुन्हा पहिल्यापासून. तो मात्रा मोजत होता.

तिला त्याला तिथंच सोडून द्यावंसं वाटलं. दगड घेतलेल्या माणसांच्या हाती. मग तिनं पुढे होऊन तोच हात मनगटाशी पकडला आणि त्याला ओढत वाटेनं खाली नेलं.

खाडीत पाणी चढलं होतं. पास्को कमरेइतक्या पाण्यात होडी धरून उभा होता. मूठभर शब्दांचा माणूस. "उशीर," एवढंच म्हणाला आणि सेलिनाला पोतं उचलावं तसं उचलून आत ठेवलं.

क्रिस्पिन पाण्याच्या कडेला थांबला. "तू शब्द मोडलास ना? तिला सांगितलंस?"

"हो."

"मोडशील हे मला माहीत होतं."

"मग सही का केलीस?"

त्यानं तोंड उघडलं. पण तेवढ्यात वर भिंतीपाशी कुत्रं भुंकलं, आणि पास्कोनं त्याला दंडाला धरून होडीत खेचलं. शीड चढलं. टॅमसिन ते कड्याच्या टोकापलीकडे जाईपर्यंत थांबली नाही. वाटेवरचे पावलांचे ठसे पायानं मोडत मोडत ती वर आली.

बैठकीत सर ॲम्ब्रोज उभे होते. मोठा, लाल मानेचा माणूस. चाबूक हातात, फुटलेल्या काचा पायाखाली. पाद्री पेनरोज खुर्चीत बसले होते, पांढरे पडलेले.

"पाद्रीसाहेब म्हणतात तो घरात नाही," सर ॲम्ब्रोज म्हणाले.

"आत्ता नाही असं म्हटलं मी," वडील पुटपुटले.

सर ॲम्ब्रोजची नजर टॅमसिनच्या घागऱ्याच्या काठावर गेली. काठ वीतभर भिजला होता आणि त्याला वाळू चिकटली होती. ते काय बघतायत हे तिला कळलं. पहाऱ्याची गलबतं जवळच्याच बंदरात होती. आत्ता घोडेस्वार पाठवला असता तर होडी अजूनही अडवता आली असती. घड्याळाचा लंबक हलत होता. बाहेर लोक ओरडत होते, "बाहेर काढा त्याला!"

"ती आपणहून गेली?" सर ॲम्ब्रोजनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"हो."

"रडत होती?"

"नाही."

"तिला थंडी सोसत नाही. लहानपणापासून छाती नाजूक आहे." त्यांनी चाबूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "अंगावर काही होतं का तिच्या?"

"माझी शाल दिली. लोकरीची आहे."

ते खाली बसले. बसायला सांगितलं नव्हतं, खुर्चीही लहान होती. बराच वेळ त्यांनी फुटक्या खिडकीकडे पाहिलं. मग उठले, बाहेर पायरीवर गेले आणि ओरडले, "इथं कोणी नाही. घरी जा सगळे. आणि काच ज्यानं फोडली त्यानं उद्या भरून द्यायची."

वर्षभरानं नवी कविता आली, आणि पुन्हा इंग्लंड रडलं. परागंदा बाप आपल्या मुलाच्या कबरीशी येतो, आणि त्याची बायको तिथंच, त्या दगडावर कागद ठेवून, उरलेल्या मुलीवरचा हक्क त्याच्याकडून लिहून घेते. सही त्यानं अभ्यासिकेतून उचलून कबरीवर नेली होती. लोक टॅमसिनला बघायला चर्चमध्ये येऊ लागले. एका बाईनं तर तिच्या तोंडावर विचारलं, "तुम्हांला दगडाचं काळीज कसं मिळालं हो?" टॅमसिननं उत्तर दिलं, "इथं सगळीकडे दगडच आहेत, बाईसाहेब." ती कविता तिनं एकदाच वाचली आणि ठरवून पुन्हा उघडली नाही. पण लहान कबरीवरचं गवत मोठ्या कबरींपेक्षा आधी वाढतं असं एक कडवं त्यात होतं. ते खरं होतं. तिनंही पाहिलं होतं, आणि ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे तेवढं त्याचं स्वतःचं होतं. ते कडवं कपडे वाळत घालताना डोक्यात यायचं आणि जायचं नाही.

त्यापुढच्या वसंतात, बाजाराच्या दिवशी, पास्कोच्या होडीतून सेलिना उतरली. एकटीच, कडेवर वर्षाची मुलगी. धक्क्यावर मासे विकणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. वाण्याच्या बायकोनं आपल्या मुलीचं तोंड दुसरीकडे वळवलं. सर ॲम्ब्रोजची बग्गी तिथंच उभी होती. आत कोण होतं दिसलं नाही, पण गाडीवानाला आतून काहीतरी सांगितलं गेलं आणि बग्गी हलली. सेलिना पेटी खाली ठेवून उभी राहिली. कुठं जावं हे तिला कळत नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं.

टॅमसिन रस्त्याच्या या बाजूला होती, हातात अंड्यांची टोपली. तिला निघून जाता आलं असतं. नवऱ्याची ठेवलेली बाई आणि तिचं पोर. तिनं पाठ फिरवली असती तर उलट गावानं वाहवा केली असती. तिनं टोपली केझायाकडे दिली आणि रस्ता ओलांडला. सगळे बघत होते. तिला आपल्या बुटांचा आवाज ऐकू येत होता.

"दे इकडे," ती म्हणाली आणि मूल घेतलं. मूल जड होतं, गालांना उन्हाचा रंग होता आणि डोळे बापाचे.

"जेनोआत सोडलं आम्हांला," सेलिना म्हणाली. "कोणी काउंटेस आहे."

"असणारच. पेटी पास्को आणेल. चल."

चढावर सेलिना थांबली, श्वास घेण्यासाठी. "तुम्ही सही का केलीस म्हणून विचारत होतात तेव्हा. होडीत मी विचारलं त्याला."

टॅमसिनही थांबली.

"म्हणाला, माझ्याजवळ राहिलेलं काही जगत नाही. तिथं ती जगेल." सेलिनानं नाक ओढलं. "आणि मग ते लगेच लिहून काढलं, आणि वाचून दाखवलं मला. वल्ही चालू असताना. म्हणे, दुसरी ओळ लंगडते का बघ."

"लंगडत होती?"

"होती."

टॅमसिन हसली. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि मूल तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. मग दोघी वर गेल्या. केझायानं दारातच सांगितलं की अजून एक पाळणा घासून काढायला तिच्यात ताकद नाही, आणि लगेच माळ्यावर चढली.

चौथ्या दिवशी सकाळी सर ॲम्ब्रोज चालत आले. घोडा नाही, चाबूक नाही. फाटकाबाहेर टोपी काढून उभे राहिले. आत यायचं धाडस झालं नाही, परत जायचंही. खिडकीतून ते पाद्री पेनरोजना आधी दिसले.

"तुझे वडील आलेत गं," ते म्हणाले.

सेलिनाचा चेहरा उतरला. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग मुलीच्या डोक्यावर टोपडं बांधलं, फार घट्ट, सोडलं, पुन्हा बांधलं, आणि दार उघडून बाहेर गेली. टॅमसिननं खिडकीशी उभ्या राहिलेल्या मोरवेनाचा हात धरला.

"चल, बघत उभं राहू नये," ती म्हणाली, आणि तिला कोंबड्यांकडे घेऊन गेली.